एकशे सत्तेचाळिसावं पत्र

दोनशे त्र्याऐंशी पत्रं.
विषय : विहिरीच्या पाण्याचा अहवाल.
मजकूर सगळ्यांना एकच,
फक्त नाव, घर आणि नायट्रेटचा आकडा
यादीतून आपापला येऊन बसायचा.

सकाळी पहिला गठ्ठा निघाला तेव्हा
अख्ख्या कोल्का गावाचं नाव तालिवाल्दिस बुंगा.
चाळीस पानं तालिवाल्दिस,
चाळीस विहिरी तालिवाल्दिसच्या,
एकटा माणूस केवढं पाणी पिणार?
चूक माझीच. यादी जोडायच्या आधीच
छाप म्हटलं, तर नमुनाच छापत बसला बिचारा.

मग ट्रे.
पडद्यावर ए-फोर, यंत्राला हवा अमेरिकी मापाचा कागद.
या बाल्टिकच्या काठी तसला कागद
कुणी डोळ्यांनी तरी पाहिलाय?
दर पत्रामागे हिरवं बटण दाबायचं,
रडक्या पोराची पाठ थोपटावी तसं.
टाल्सीहून गुनवाल्दिस फोनवर म्हणाला,
नमुन्यातच माप बदला, बाई.
बदललं. चाललं.

एकशे सेहेचाळीसपर्यंत.

तिथं यंत्रानं घसा खाकरला
आणि एक पान टाकलं बाहेर :
वर 'आज्ञा कळली नाही',
खाली चौकोन, प्रश्नचिन्हं, मग कोरं.
रांग पुसली. वीज काढली.
दहापर्यंत मोजून पुन्हा लावली.
पहिले पाढे पंचावन्न,
म्हणजे एकशे सेहेचाळीस.

गुनवाल्दिस म्हणाला, ड्रायव्हर नव्यानं टाका.
टाकला. तेच.
म्हणाला, अर्धे-अर्धे करत जा.
एकशे एकावन्नपासून शेवटपर्यंत : सुरळीत.
एकशे एक ते एकशे पंचवीस : सुरळीत.
चार वाजता खिडकीत अंधार आला,
नोव्हेंबरात येतो तसा, न विचारता,
आणि माझ्या हातात उरली एकच ओळ.

लवीजे क्राउक्ले.

आमच्याकडे घरांना नंबर नसतात, नावं असतात.
गेल्या वसंतात ती सायकल ढकलत आली होती,
तुमच्या यादीत माझं घर चुकलंय म्हणत.
कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहून दाखवलं :
लिव्होनियन अक्षर. एक ओ,
त्याच्या डोक्यावर लाट,
लाटेवर एक सरळ रेघ.
लाट आणि क्षितिज, मी हसून म्हटलं.
ती हसली नाही.
म्हणाली, आई असंच लिहायची.
मी चिन्हांच्या तक्त्यात शोधत बसले,
ती उभीच राहिली, कोटाची बटणं न काढता,
सापडेपर्यंत.

आता यंत्राच्या पोटात ते अक्षर नाही.
नाही तर नाही, एक चौकोन काढावा आणि पुढे जावं,
पण हे सगळं गाव अडवून बसलंय.
दाराशी वेल्टा, हातात गाडीची किल्ली :
साधा ओ टाक गं. पोस्टमनला घर माहीत आहे.

खरंच माहीत आहे. गावात कुणाला माहीत नाही?
मी साधा ओ टाकला.
पत्र निघालं, गरम, जरा वाकडं,
नायट्रेट : मर्यादेत.

ते तसंच थोडा वेळ टेबलावर राहिलं.
मग मी पेनानं लाट काढली.
हात हलला, लाट जरा मोठीच झाली,
वादळाच्या दिवशीची.
वर रेघ. शाई ओली होती,
बोट लागलं, क्षितिज थोडं पसरलं.
पुन्हा छापावं? नको.
घडी घातली, पाकिटात सरकवलं.
पाकिटावरही तेच, यावेळी बरं जमलं.

यादीत मात्र अक्षर परत घातलं, तिचंच.
वेल्टा केव्हाची गेली होती.
पुढच्या वर्षी या खुर्चीवर कोण असेल काय माहीत,
म्हणून यंत्राच्या झाकणावर पिवळी चिठ्ठी लावली :

एकशे सत्तेचाळीसला थांबेल.
बिघाड नाही.
पेन वरच्या खणात.